तळ्यावर जा, पण बाबांना सांगून जा

अकोट तालुक्यातल्या एका गावातून आलेलं पत्र, थोडं आटोपतं करून:

‘काकू, मी 27 वर्षांची आहे, शाळेत शिकवते. तो अकोल्यात नोकरीला आहे. आम्ही कुणबी, तो बौद्ध. दीड वर्षाच्या ओढाताणीनंतर दोन्ही घरं तयार झाली, उन्हाळ्यात साक्षगंधही झालं. आता लग्न कसं लावायचं यावरून रोज कटकट आहे. आमचे मोठे बाबा म्हणतात, अग्नीभोवती सात पावलं नाहीत तर ते लग्नच नाही. त्याच्याकडचे म्हणतात, त्रिशरण-पंचशील होईल, दुसरं काही नको. माझे बाबा यात काहीच बोलत नाहीत, पण अकोटला मंगल कार्यालय पाहून आलेत. हजार-बाराशे माणूस होईल म्हणतात. त्यासाठी संत्र्याचा बहार झाडावरच व्यापाऱ्याला देऊन पैसे उचलायचं चाललंय.

आम्ही दोघांनी वेगळंच ठरवलंय. हिवाळ्यात एका सकाळी नरनाळ्याचा गड चढायचा, शक्कर तलावाच्या काठी हार घालायचे, आपल्या शब्दांत एकमेकांना वचन द्यायचं. सोबत फक्त एक मित्र आणि एक मैत्रीण. मग ग्रामपंचायतीत नोंद करायची आणि घरी नंतर सांगायचं. हे लग्न धरलं जाईल का? आणि बाबांना सांगू तरी कसं?’

पोरी,

तुझ्या पत्रातलं एकच वाक्य मला खटकलं. ‘घरी नंतर सांगायचं.’ बाकी सगळं पटलं. पायी गड चढून तळ्याच्या काठी चार माणसांत एकमेकांना शब्द द्यावासा वाटणं यात वावगं काहीच नाही. आपल्याकडच्या लग्नांत नवरा-नवरीला त्या दिवशी एकमेकांकडे धड बघायलाही सवड मिळत नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत स्टेजवर उभं राहायचं, पाहुणे येतात, फोटो काढतात, पाकीट देतात, जेवायला पळतात. तुम्हाला ती सवड हवी आहे, आणि ती मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण तुझ्या बाबांनी दीड वर्ष भावकीचं बोलणं ऐकून घेतलं आणि शेवटी साक्षगंधाला पाटावर येऊन बसले. लग्नाला उभा विरोध करणाऱ्या बापापासून लपवावं लागतं, हे मी समजू शकते. तुझ्या बाबांनी विरोध केलेला नाही. त्यांच्यापासून काय म्हणून लपवायचं?

आधी कायद्याचं बोलते, कारण तुझा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

तळ्याकाठी हार घालून ग्रामपंचायतीत नोंद करायची, हा विचार सोडून दे. 1955 चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे, म्हणजे तुम्हा दोघांनाही लागू आहे. पण त्याच्या कलम 7 प्रमाणे दोघांपैकी कुणा एकाच्या रूढीतले विधी व्हावे लागतात, आणि ज्यांच्यात सप्तपदी आहे त्यांच्यात सातवं पाऊल पडल्यावरच लग्न पूर्ण होतं. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की विधी झालेलेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही. झालेल्या लग्नाचा पुरावा म्हणून नोंदणी असते. लग्नच धड झालेलं नसेल तर ती कशाचा पुरावा देणार? आज तुम्हाला हा कीस वाटेल. पुढे वारसा, विमा, पेन्शन असा कुठलाही प्रश्न उभा राहिला की याच कागदावर बोट ठेवलं जातं.

तुमच्यासाठी सरळ रस्ता 1954 च्या विशेष विवाह कायद्याचा. मुलगी 18 ची, मुलगा 21 चा पूर्ण असला की जात-धर्म कुठलाही असो, या कायद्याखाली लग्न लागतं आणि त्यात विधीची सक्ती नाही. जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. नोटिशीच्या आधी दोघांपैकी एकाचं तरी त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहणं झालेलं हवं, ते तुमचं आहेच. वयाचे, पत्त्याचे पुरावे आणि फोटो लागतात. मग 30 दिवस थांबायचं, आणि नोटीस दिल्या दिवसापासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावायचं. तीन महिने उलटले की ती नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून. ठरल्या दिवशी अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी एकमेकांना सांगायचं की मी तुला माझा कायदेशीर पती, माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारते, स्वीकारतो. तुम्हाला कळेल अशा कुठल्याही भाषेत. एवढे शब्द आणि सह्या झाल्या की लग्न झालं. मोठ्या बाबांना हे पटो न पटो, कायद्याने ते पक्कं लग्न आहे.

आता यातली गोम बघ. ती नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते, कुणालाही वाचता येते. तालुक्यातलं कुणी ना कुणी रोज कामाला अकोल्याला जातंच. तुझं नाव, बाबांच्या गावाचं नाव फलकावर दिसलं की संध्याकाळच्या आत ते चौकात पोचलेलं असेल, आणि बाबांना ते चहाच्या टपरीवर दुसऱ्याच्या तोंडून कळेल. म्हणून नोटिशीच्या आधी बाबा. हा क्रम चुकवू नकोस.

गावात एक समज आहे, तो बाबांच्या किंवा मोठ्या बाबांच्या तोंडी येईलच, म्हणून आधीच सांगून ठेवते. ‘कोर्ट मॅरेज केलं की पोरीचा वावरातला हक्क जातो, घराण्याशी संबंध तुटतो.’ या कायद्यात एकत्र कुटुंबापासून वेगळं धरण्याचं एक कलम आहे खरं. पण 1976 पासून त्यातच 21-क कलम आहे. नवरा-बायको दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन यांपैकी असतील तर ते वेगळं धरणं त्यांना लागू होत नाही. तू हिंदू, तो बौद्ध. तुझा हक्क आहे तिथेच राहतो.

आणखी एक. अनुसूचित जातीतल्या, नवबौद्ध धरून, व्यक्तीशी सवर्ण व्यक्तीने लग्न केलं की महाराष्ट्रात आंतरजातीय विवाहासाठी 50,000 रुपयांचं साहाय्य मिळतं. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात चौकशी कर. पैशासाठी कुणी लग्न करत नाही, पण हक्काचं आहे ते सोडू नये.

आता बाबांचं बोलते, आणि जरा सविस्तर बोलते.

हजार-बाराशे माणूस कशासाठी बोलवायचं, असं तुला वाटतं. बाबांकडे एक वही असेल. आपल्याकडच्या बहुतेक घरांत असते, तुझ्या आईच्या नाहीतर आजीच्या लग्नातली. गावाचं नाव, माणसाचं नाव, पुढे ‘पातळ 1, टोपी-उपरणे, रोख 51’. काही नावांसमोर खूण केलेली असते, म्हणजे तो आहेर फेडून झाला. काहींसमोर नसते. ती वही एकदा काढायला सांग आणि त्यांच्याजवळ बसून वाच. तुला कळेल की बाबांच्या डोक्यात मंगल कार्यालयाचा थाट नाही. त्यांच्या डोक्यात ती खूण नसलेली नावं आहेत. इतकी वर्षं ज्यांच्या मांडवात ते जेवले, ज्यांच्या पोरींच्या लग्नांत पंगतीत वाढायला उभे राहिले, त्यांना एकदाही आपल्या दारी जेवायला न बोलावता पोरीचं लग्न उरकलं तर गावात मान खाली घालून फिरावं लागेल, ही त्यांची भीती आहे. शिवाय पोरीने जातीबाहेर केलं म्हणून बाप लपवतोय, असं लोक म्हणतील. बाराशे माणूस बोलावून त्यांना हेच दाखवायचं असेल की मी लपवत नाही. मला हे फार मोठं वाटतं. तुझ्या लग्नामागे उघडपणे उभं राहायचा त्यांना माहीत असलेला एकच मार्ग म्हणजे पंगत, आणि तू नेमका तोच काढून घ्यायला निघालीस, तोही त्यांना न सांगता.

म्हणून पंगत त्यांची त्यांना राहू दे. कार्यालय मात्र नको, आणि बहार तर मुळीच विकायचा नाही. झाडावर कच्चा असताना उचल घेतली की भाव व्यापाऱ्याच्या हातात जातो, हे बाबांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. आपल्या भागात लग्नाच्या कर्जाने किती घरं बसली हेही त्यांनी पाहिलंय. गाडगेबाबांचं शेंडगाव तुमच्या शेजारच्याच अंजनगाव सुर्जी तालुक्यात. कर्ज काढून सण-समारंभ करू नका, हे त्यांनी कीर्तनांतून गावोगाव सांगितलं. बाबांना ते नवं नाही. कुणीतरी घरातल्याने त्यांना आठवण करून द्यायला हवी, एवढंच.

त्याऐवजी वावरात रोडग्यांचं जेवण घाला. संत्र्याचा आंबिया बहार उतरून गेल्यावर, झाडाखाली ताडपत्री अंथरून. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, भात, शेवटी गुळाचा शिरा. कणीक मळायला भावकीतल्या बायका येतील, आर पेटवायला आणि रोडगे उलटायला गडी माणसं येतील, आणि त्याच्याकडचे लोकही त्याच पंगतीत बसतील. मला या लग्नात याच पंगतीचं सगळ्यात जास्त महत्त्व वाटतं. कुणबी आणि बौद्ध एका ताडपत्रीवर शेजारी शेजारी बसून जेवले, की मोठ्या बाबांशी महिनाभर घातलेला वाद त्यापुढे फिका. आहेर घेऊ नका. वहीतल्या नावांना बाबा हात जोडून सांगतील, जेवायला या, आणायचं काही नाही. त्यांची खूण त्या दिवशी होऊन जाईल.

बाबांशी बोलताना ‘आम्ही ठरवलंय’ ने सुरुवात करू नकोस. दोघंच असताना बोल, वावरातून आल्यावर चहा झाला की. मोठे बाबा समोर असताना नको, भावासमोर बाबांना आपलं खरं मत बोलता येत नसेल. साधं बोल, घरात बोलता तसंच: ‘बाबा, मले गर्दी नाही पायजे, तुम्ही पायजे. अकोल्याच्या कागदावर साक्षीदार म्हणून तुमची सही पायजे.’ कायद्याला तीन साक्षीदार लागतात, हे वर सांगितलंच. एक तुझे बाबा, एक त्याचे वडील, तिसरी तुझी आई. मित्र-मैत्रिणीला त्या कागदावरून मोकळं कर, त्यांना पंगतीत वाढायला ठेव. बाराशे लोकांसमोर कन्यादान करणाऱ्या बापाला लग्नात जेवढी जागा असते, तेवढीच त्या सहीत आहे. उलट जास्तच, कारण तिथे आईचीही सही आहे, आणि कुणी कुणाला दान केलेलं नाही.

ते लगेच हो म्हणणार नाहीत. ‘मोठ्या भाऊले विचारून पाहतो’ म्हणतील किंवा उठून गोठ्यात जातील. जाऊ दे. दोन दिवसांनी पुन्हा विचार.

मोठ्या बाबांच्या अग्नीबद्दल. गडावर तर अग्नी पेटवताच येणार नाही, ते पुढे सांगते. घरी काय करायचं याबद्दल माझं मत सांगते. दोन्ही घरांनी आपापलं आपापल्या दारात करावं. तुझी हळद तुझ्या आईच्या अंगणात लागू दे, जात्यावरच्या ओव्या म्हणू दे, मामाने साडी आणू दे. त्याच्या घरी त्रिशरण-पंचशील होऊ दे, तू तिथे जा आणि मनापासून बस. पण ‘आमच्या पद्धतीने झालं तरच लग्न’ ही अट कुणाचीच मान्य करू नकोस. एकदा एका घराची अट मानली की दुसरं घर आयुष्यभर ते मोजत राहतं. विशेष विवाह कायद्याने लग्न लागल्यावर कोण जिंकलं हा प्रश्नच उरत नाही.

भावकीतलं कुणी नुसतं कुरकुरण्यापुढे जाऊन धमकीवर आलं, तर मात्र गप्प बसू नका. अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष हवेत, असे आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिले आहेत. थेट जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची.

आता तळं.

विशेष विवाह कायद्याच्या कलम 12 मध्ये सोय आहे की जादा फी भरून अधिकाऱ्याला कार्यालयाबाहेर, वाजवी अंतरावरच्या जागी बोलावता येतं. पण त्याला अभयारण्यातल्या गडावर न्यायचा हट्ट धरू नकोस. एक दिवस अकोल्यात सही, दुसऱ्या दिवशी तळं. म्हणजे तळ्याकाठी काही सिद्ध करायचं उरत नाही. वेळेवर पोचायची घाई नाही, साक्षीदार मोजायचे नाहीत. तिथे जे बोलाल ते फक्त तुम्हा दोघांचं.

नरनाळ्याची निवड चांगली आहे. जाफराबाद, नरनाळा आणि तेलियागड असा तिहेरी गड, वर बरीच तळी, त्यात शक्कर तलाव सगळ्यांच्या ओळखीचा. तुम्ही जाऊन आलेले आहात, म्हणून वाट सांगत बसत नाही. पण नेहमीची सहल आणि हा दिवस यांत फरक पडतो तो परवानगीने. गड मेळघाट व्याघ्र प्रकल्पातल्या नरनाळा अभयारण्यात आहे आणि संरक्षित स्मारकही आहे. अशा स्मारकात परवानगीशिवाय समारंभ करता येत नाही, आणि अभयारण्यात आग लावणं, पेटती ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे. मोठ्या बाबांना हे सांग, त्यांनाही पटेल, कारण हिवाळ्यानंतर वाळलेलं गवत आणि सागाचा पाला एका ठिणगीने कसा पेटतो हे जंगलाकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. तेव्हा मांडव नाही, होम नाही, दिवा-अगरबत्ती नाही, ड्रोन नाही. महिनाभर आधी गडाच्या पायथ्याच्या शहानूरला जाऊन वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेट आणि खरं काय ते सांग: आम्ही अमुक तारखेला सहा-सात जण येणार, आदल्या दिवशी आमचं नोंदणीचं लग्न झालेलं असेल, काठावर अर्धा तास बसून परत फिरणार. पायी सोडतील की गाडीनेच जावं लागेल, सोबत कोण वाटाड्या द्यायचा, किती वाजता नाक्यावर यायचं आणि किती वाजेपर्यंत खाली उतरायचं, हे तिथेच विचारून लिहून घे. वाटाड्या गावातलाच पोरगा घे आणि त्याचे पैसे घासाघीस न करता दे. नाही म्हणाले तर वाद घालू नका. तो गड वाघ-अस्वलांचाही आहे आणि नाक्यावरच्या माणसाला तुमच्या जिवाची जबाबदारी असते.

आई-बाबांना आणि त्याच्या घरच्यांना वर नेता आलं तर ने. गाडीरस्ता आहे, गुडघे दुखणाऱ्यांना तो बरा. त्यांना महाकाली दरवाज्यापाशी बसव. 1487 मध्ये बांधलेला तो दरवाजा, त्यावरची दगडातली कमळं आणि कोरलेली अक्षरं बाबांनी निवांत पाहिलीत का कधी? जवळचा गड आपण शाळेच्या सहलीत एकदा बघतो आणि सोडून देतो. तिथे सावलीत त्यांना शिदोरी सोडू दे. तुम्ही दोघं वाटाड्याबरोबर पुढे तळ्यावर जा. तुला हवा असलेला एकांत त्याने मिळतो आणि घरचेही गडावरच असतात.

वेळ सकाळी उन्हं चांगली वर आल्यावरची धरा. पहाटे आणि संध्याकाळी जनावरं पाण्यावर येतात. काठाच्या चिखलात उतरायच्या आधी खाली बघ: सांबराचे, रानगव्याचे खूर उमटलेले असतात, कधी पंजाही. ठसा ताजा असला, कडा ओल्या आणि धारदार असल्या, तर वाटाड्या सांगेल तसं मागे फिरायचं. हा दिवस आहे म्हणून धाडस करायचं नाही. पाण्यात उतरणं, पोहणं अजिबात नाही.

आग्यामोहोळाचं मी मुद्दाम सांगते, कारण लग्नाच्या नादात हेच विसरतं. गडाच्या कड्यांना, जुन्या कमानींना ती पोळी लटकलेली असतात. अत्तर, सेंट, केसाचा वासाचा स्प्रे, धूर, मोठा आवाज, यांनी माश्या उठतात आणि उठल्या की माणसाला पळायला जागा राहत नाही. त्या दिवशी अंगाला काही वासाचं लावू नकोस. फोटोसाठी रंगीत धुराचे डबे फोडायची जी फॅशन आली आहे, ती गडावर करायचीच नाही.

साडीबद्दल तू विचारलेलं नाहीस, तरी सांगते. पावसाळ्यानंतर वाटेच्या दोन्ही बाजूंना कुसळीचं गवत वाळून उभं असतं. टसरची करवतकाठी नेसून तू त्यातून चाललीस तर काठात कुसळं अशी रुततील की काढताना धागे निघतील. चढताना सलवार आणि बूट घाल, पोलकं आतून आधीच घालून ठेव. साडी मऊ सुती कापडात गुंडाळून पिशवीत ने आणि दरवाज्यापाशी आई आहेच, ती आडोसा धरून नेसवून देईल. मला वाटतं तिला ते फार आवडेल. हार झेंडूचे-शेवंतीचे साधे दोऱ्यात ओवलेले ने, प्लास्टिकच्या चमकीचे नको, आणि येताना परत आणा, तळ्यात सोडू नका. दागिना अंगावर एखादाच. माणशी तीन लिटर पाणी, पोळ्या, ठेचा, शेंगदाण्याचे लाडू. माकडं असतात, शिदोरी झाकून. वर फोनला रेंज धरून चालू नका. खाली नाक्यावर परतीची वेळ सांगून ठेवा.

फोटो मैत्रिणीला काढू दे, थोडे. तेवढे पुरतात.

त्याला लोणारला जायचं मनात असेल (पुष्कळांना असतं, ते तळं आहेच तसं), तर त्याला सांग की तिथे चढायचं नसून विवरात उतरायचं असतं, आणि तेही अभयारण्यच आहे, नियम तिथेही हेच. भंडारा-गोंदियाकडच्या ज्या मुला-मुलींना असंच काही मनात असेल त्यांना सात बहिणींच्या डोंगरांमधलं नवेगाव बांध जवळ आहे. तुम्ही आपला नरनाळाच धरा, तो तुमच्या पायाखालचा आहे.

तारखेचा हिशोब असा कर. दसऱ्याच्या सुमारास बाबांशी बोल. त्यांचा होकार आला की दिवाळीनंतर नोटीस द्या. समजा 10 नोव्हेंबरला दिली, तर 10 डिसेंबरला 30 दिवस पूर्ण होतात आणि 10 फेब्रुवारीपर्यंत मुदत राहते. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि नवीन वर्षाचे दिवस टाळा, गडावर गर्दी असते. जानेवारीचा पहिला पंधरवडा उलटल्यावर आठवड्यातला मधला वार घ्या. तोवर आंबिया उतरलेला असेल, थंडी असेल, आणि रोडग्यांसाठी बाबांच्या हातात बहाराचे पूर्ण भावाचे पैसे असतील. कापसाची वेचणी आणि तूर कापणी कुठवर आली ते विचारून मग पंगतीचा दिवस धरा, नाहीतर निम्मं गाव वावरात अडकलेलं असेल.

बाबांनी सगळं ऐकून ठाम नकार दिला, सही करणार नाही म्हणाले, तर नोटीस थांबव आणि मला लगेच लिही. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिही, तुझ्या शब्दांत नको. नकार कार्यालयाला आहे, गडाला आहे की अजून त्या मुलालाच आहे, हे त्यावरून कळेल, आणि पुढचं तिथून ठरवू.

तुझी,
काकू